फक्त एक कमांड

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या चादर कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो, तेथील शेठजींनी परवा माझ्यादेखत आपल्या भाच्याला शेंगा चटणीचा पुडा बक्षीस दिला आणि मला विचारले, "तुमचं ते सॉफ्टवेअर पोराचं काम का बिघडवतंय?"

प्रकरण एवढेच होते की, एनजिनएक्स हा सर्व्हरवर वेबसाइट चालवणारा प्रोग्राम मूळ मांडणीत 1 एमबीहून मोठी फाइल स्वीकारत नाही आणि चादरीच्या डिझाइनचे फोटो त्याहून मोठे असल्याने 413 क्रमांकाची चूक दाखवून परत येत होते. मला एक फोन केला असता, तर भागले असते. परंतु शेठजींच्या आग्रहाखातर भाच्याकडे सर्व्हरचा पासवर्ड होता.

"सेटिंगच्या फाइलला हात लावलास का?" मी विचारले.

"नाही ओ सर, फाइलला कशाला हात लावू? फक्त एक कमांड मारलो की."

ती कमांड सेड या मजकूर शोधून बदलणाऱ्या साधनाची होती आणि फाइलमधल्या 1 च्या जागी 20 लिहीत होती. सर्व्हर कसा असावा, हे आम्ही पपेट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवतो आणि त्याचा एजंट दर 30 मिनिटांनी येऊन लिहिल्याबरहुकूम सगळे पूर्ववत करतो, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने मन लावून ऐकले, मोबाइल काढला आणि दर अर्ध्या तासाचा गजर लावला. गजर वाजला की हातातली भाकरी ताटात ठेवून तो कमांड मारायचा, शेठजींकडे पाहून अंगठा दाखवायचा आणि पुन्हा जेवायला बसायचा. शेठजींच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हते.

मार्क बर्जेस यांनी 1993 मध्ये ऑस्लो विद्यापीठात पपेटसारखेच काम करणारे सीएफइंजिन लिहिले, तेव्हा त्यांच्याही आसपास कोणाचा तरी भाचा वावरत असावा, असा मला दाट संशय आहे.

हाताने कमांड देण्याला माझा विरोध नाही. कोणत्या सर्व्हरची डिस्क भरत आली आहे हे पाहायला किंवा अडकलेली सेवा पुन्हा सुरू करायला तीच बरी. पपेटवाल्यांनीही त्यासाठी बोल्ट नावाचे वेगळे साधन दिले आहेच. परंतु जे कायम टिकायला हवे, ते कोणाच्या तरी बोटांवर आणि गजरावर सोपवायचे, आणि जो ते लिहून ठेवतो त्यालाच दिवसभर काही काम नसते असे समजून त्याचे बिल दोन-दोन महिने अडवायचे, हा कुठला न्याय?

त्याच संध्याकाळी मी पपेटमध्ये 20 एमबीची ओळ लिहिली. तेव्हापासून फोटो बिनबोभाट चढत आहेत. भाच्याच्या सेडला आता बदलायला काही सापडत नाही. पण न सापडल्याबद्दल सेड तक्रारही करत नाही. त्यामुळे गजर चालू आहे, अंगठा चालू आहे आणि माझ्या बिलाचा विषय काढला की शेठजी म्हणतात, "सगळं तर पोरगंच बघायलंय की ओ."