टॉवर एक, चाकरमानी अनेक

गणपतीत आमच्या गावचा टॉवर देवापेक्षा जास्त गाऱ्हाणी ऐकतो. एरवी वाडीत म्हातारी माणसं आणि मोजकी शाळकरी पोरं, त्यामुळे तो डोंगरावर आरामात असतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईच्या गाड्या उतरल्या की त्याची सुट्टी संपते. मोबाइलवर रेघा फुल, आणि मखराचा एक फोटो पाठवायला घेतला तर चाक फिरतंय. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, खिरापत वाटून झाली, तरी चाक फिरतंच आहे.

माझा भाचा टेलिकॉममध्ये आहे. त्याला जाब विचारला तर मोदकाची कळी मोडत शांतपणे म्हणाला, "मामा, रेघा म्हणजे टॉवर तुम्हाला किती नीट ऐकू येतो ते. त्याला तुमच्यासाठी सवड आहे की नाही, ते रेघा कशाला सांगतील?"

मग त्याने पंगतीवरूनच समजावलं. टॉवरमध्ये शेड्युलर नावाचा एक वाढपी असतो. १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरींच्या पट्ट्यावर चालणाऱ्या फोरजीत त्याच्या पातेल्यात दर मिलिसेकंदाला ५० वाढे, म्हणजे त्या पट्ट्याचे तुकडे, एकेक १८० किलोहर्ट्झचा. कुणाला किती हे त्याने सेकंदातून हजारदा ठरवायचं. भराभर खाणाऱ्यालाच वाढत राहिला तर पातेलं चटकन रिकामं होतं, पण कडेची पानं कोरडी. सगळ्यांना सारखे वाढे दिले तरी पंचाईत, कारण टॉवरपासून लांब असलेल्याला तेवढ्याच डेटासाठी जास्त वाढे लागतात. म्हणून तो दोन गोष्टी बघतो: आत्ता वाढलं तर कोण किती खाऊ शकेल, आणि आतापर्यंत कुणाच्या पानात किती पडलंय. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ज्याचं उत्तर मोठं, त्याचा नंबर आधी. केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९७ साली नेटवर्कसाठी मांडलेला न्याय साधारण याच जातीचा.

"म्हणजे माझ्यावर अन्याय होत नाहीये?"

"अजिबात नाही. तुम्हाला अगदी न्यायाने काही मिळत नाहीये."

आमच्या घरात इतक्या हिशेबाने कधी श्रीखंडही वाटलं गेलेलं नाही.

खरा प्रसंग धाकट्याने आणला. तो मेलबर्नला. तिथे मध्यरात्र उलटलेली, तरी आरती बघायला सोवळं नेसून कॅमेऱ्यासमोर बसलेला. त्याचं तोंड आम्हाला दिसत होतं, आमचा गणपती त्याला दिसेना. भाचा म्हणाला, टॉवर दणकट असतो, मोबाइलची ताकद फार तर २०० मिलिवॉट. इथून वर चढवणं जास्त जड. शिवाय माजघराच्या मातीच्या भिंती. मग मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दारातून मखर दिसेल असा तुळशीवृंदावनावर टेकवला. पावसाचे थेंब पिशवीवर, आणि मेलबर्नला गणपतीच्या जागी गुलाबी धुकं. धाकट्याने त्यालाही हात जोडले.

शेवटी आजीने फर्मान काढलं, "आरती होयसर सगळ्यांनी मोबाइल बंद करा. एकट्या धाकट्याचो चालू रवांदे."

घरात असा सन्नाटा मी परीक्षेच्या निकालालाही पाहिलेला नाही. पोरांनी सुतक पाळावं तसे मोबाइल पालथे ठेवले. चित्र जरा हललं, गणपतीची सोंड दिसली, आणि पुन्हा धुकं.

"आता काय झालं?" सगळे भाच्यावर.

"आपण सोडलेले वाढे शेजाऱ्यांनी खाल्ले. टॉवर वाडीचा आहे, आपल्या घराचा नाही."

पलीकडच्या घरातून क्रिकेटच्या कॉमेंट्रीचा आवाज स्वच्छ येत होता.

तेव्हा पुढच्या वर्षी वाडीची बैठक घ्यायची आणि घराघरांच्या आरत्यांच्या वेळा ठरवून पाळीपाळीने मोबाइल बंद ठेवायचे, असं ठरलं. भाच्याने कागदावर तक्ताही आखला. तो घेऊन मी वाडीत फिरलो. कल्पना सगळ्यांनाच पसंत पडली. फक्त मानाप्रमाणे पहिली पाळी कुठल्या घराची, यावर गाडं अडलंय, आणि दोन घरांनी जुनी कागदपत्रं शोधायला काढली आहेत.