खिशातला पडदा : ‘निनावी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘खिशातला पडदा’ या माझ्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. प्रतिक्रियांच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोषवारा देते. तुमचं म्हणणं असं की पाम, आर्कोस, पीएसपी ही स्मार्टफोनच्या आधीची, हातात धरायची सगळी यंत्रं अर्धवट होती. पडदा लहान, बॅटरी तोकडी, आणि एखादा सिनेमा बघायचा तर आदल्या रात्री कॉम्प्युटरवर तो कन्व्हर्ट करत बसायचं. मोबाइल आला आणि ही कटकट मिटली, हे चांगलंच झालं. पामच्या लाईफड्राइव्हबद्दल मी धडधडीत चुकीचं लिहिलंय. सिम्प्युटर हा भारतात बनलेला हातात मावणारा कॉम्प्युटर म्हणजे सरकारी पैशांचा चुराडा. आणि मुळात ही पैसेवाल्यांची खेळणी, त्यांचे एवढे गोडवे कशाला?

लाईफड्राइव्हपासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंय. २००५ च्या मे महिन्यात आलेल्या या यंत्रात ४ जीबीची हार्ड डिस्क होती आणि ‘हेच त्याचं सर्वांत मोठं बळ’ असं मी लिहिलं होतं. ते चूक. ती हिटाचीची मायक्रोड्राइव्ह होती, म्हणजे काडेपेटीहून लहान डबीत गरगर फिरणारी खरोखरची तबकडी. बॅटरी वाचवायला ती मधूनमधून झोपायची आणि काही लागलं की जागी होऊन वेग घेईपर्यंत माणूस ताटकळत बसायचा. पाम वापरणाऱ्यांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. १९९६ च्या पहिल्या पायलटपासून पामची ओळखच ही होती की बटण दाबलं की पान समोर. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी पायलट बनवण्याआधी त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरायला सुरुवात केली होती. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, त्यावर लिहिल्यासारखं करायचं, परत खिशात ठेवायचा. त्या सवयीतून जन्मलेलं यंत्र १२८ केबी मेमरी आणि दोन ट्रिपल-ए सेलवर चालायचं आणि कधी वाट बघायला लावायचं नाही. त्याच घराण्यातलं लाईफड्राइव्ह साधी वही उघडायलाही थांबवतं, हा दोष मी झाकायला नको होता. पुढे हौशी मंडळींनी ते उघडून मायक्रोड्राइव्हच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश हे न फिरणारं मेमरी कार्ड बसवलं, दोन्हींचं माप एकच असल्याने ते बसायचंही, आणि मग ते यंत्र वेगात धावू लागलं. मूळ लेखात मी दुरुस्ती केली आहे.

बॅटरीचंही मान्य. २००५ च्या शेवटी आलेल्या व्हिडिओवाल्या आयपॉडच्या ३० जीबी मॉडेलला ॲपलनेच व्हिडिओसाठी २ तास सांगितले होते. आपला अडीच तासांचा सिनेमा त्यात शेवटाला पोचणारच नाही. आणि जुन्या हँडहेल्डमध्ये तर बॅटरी पूर्ण उतरली की मेमरीतलं सगळं पुसलं जायचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, मीच भर घालते. माझे दीडशे फोन नंबर आणि चार महिन्यांचा जमाखर्च एका गणपतीत असाच गेला. गावी गेले होते आणि चार्जर पुण्यात राहिला होता.

पण मग सगळीच यंत्रं आणि सगळे दोष तुम्ही एकाच गोणीत भरलेत, तिथे मी अडते. काही दोष त्या काळाचे होते आणि काही कोणीतरी ठरवून घातलेले होते. सोनीचं हातात धरायचं गेमिंग यंत्र पीएसपी घ्या. पडदा ४.३ इंची, ४८० बाय २७२, त्या काळात खिशात मावणाऱ्या यंत्रांमधला बहुधा सगळ्यात देखणा. सोनीच्या यूएमडी या छोट्या डिस्कवर विकत मिळणारा सिनेमा त्यावर पडदाभर, झळझळीत दिसायचा. तुम्ही स्वतः कार्डावर टाकलेली फाइल मात्र सुरुवातीच्या काळात ३२० बाय २४० च्या आसपास अडवलेली होती, शिवाय तिला ठरलेल्या फोल्डरात ठरलेलंच नाव द्यावं लागे. पडदा तोच, प्रोसेसर तोच. विकत घेतलेल्या डिस्कला पूर्ण मान आणि घरच्या फाइलला पाटावरून उठवून जमिनीवर बसवलेलं. ही तांत्रिक मर्यादा नव्हती, म्हणून तर पुढे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलल्यावर ती उठली.

आता कन्व्हर्ट करण्याच्या कटकटीबद्दल. इथे जरा वेळ घेते, कारण माझा सगळा जीव इथे आहे.

२००७ साली बाबा अकरा दिवस रुग्णालयात होते. जनरल वॉर्ड, टीव्ही नाही, आणि त्यांना वर्तमानपत्र वाचण्याइतकं बसवत नव्हतं. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला पाम टीएक्स हा हँडहेल्ड होता आणि घरी कपाटात मराठी नाटकांच्या व्हीसीडींची चळत होती. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षांत नाटकं व्हीसीडीवर सर्रास मिळायची, एका नाटकाच्या दोन किंवा तीन डिस्क. व्हीसीडीचं चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ३५२ बाय २८८ असतं आणि मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातं. अडीच तासांचं नाटक म्हणजे दीड जीबी. माझं कार्ड १ जीबीचं.

मग रात्री जेवणं आटोपली की मी बसायचे. व्हर्च्युअलडब हा व्हिडिओ कापण्या-जोडण्याचा प्रोग्रॅम व्हीसीडीची फाइल थेट उघडायचा. पहिल्या डिस्कच्या सुरुवातीच्या जाहिराती कापायच्या, दुसऱ्या डिस्कवर परत येणारी श्रेयनामावली कापायची, तुकडे जोडायचे. चित्र ३८४ बाय २८८ करायचं, म्हणजे माणसं लांबुडकी दिसत नाहीत आणि दोन्ही आकड्यांना १६ ने भाग जातो, ते एन्कोडरला, म्हणजे फाइल आकसवणाऱ्या प्रोग्रॅमला, मानवतं. एक्सव्हिड या एन्कोडरमध्ये क्यूपेल आणि जीएमसी या दोन सोयी बंद, कारण चित्र त्याने किंचित सुधारतं पण हातातल्या छोट्या प्रोसेसरचा दम निघतो. चित्राला ३०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आवाजाला ६४. हिशेब केला तर अडीच तासांचे ४१० एमबी. एका कार्डात दोन नाटकं. कॉम्प्युटर रात्रभर घरघरायचा आणि सकाळी कार्ड तयार.

टीएक्सवर मी टीसीपीएमपी नावाचा फुकटचा प्लेअर टाकला होता. त्यात एक बेंचमार्क होता. फाइल दिली की तो ती जमेल तितक्या वेगाने पळवून टक्केवारी सांगायचा. १०० च्या खाली आकडा म्हणजे चित्र अडखळणार. मी १३० च्या वर आल्याशिवाय फाइल बाबांपर्यंत जाऊ द्यायचे नाही, कारण ओठ आणि संवाद जुळले नाहीत तर नाटक बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो.

पहिल्या दुपारी मी ते यंत्र त्यांच्या छातीवर पालथ्या वाटीला टेकवून उभं केलं. एवढ्या लहान पडद्यावर काय दिसणार, असं तेही म्हणाले, अगदी तुमच्यासारखंच. पण एक गोष्ट बघा. तीच व्हीसीडी घरच्या २१ इंची टीव्हीवर लावली की चेहऱ्यांवर चौकोन चौकोन यायचे. साडेतीन-चार इंची पडद्यावर ते चौकोन दिसतच नव्हते. वीतभर अंतरावर नटाच्या भुवया स्पष्ट. बाबा दहा मिनिटांत गप्प झाले. शेजारच्या पलंगावरचे काका मान वळवून बघायला लागले, तेव्हा मी खालच्या दुकानातून तीस रुपयांचा जोड आणला, एका भोकात दोन इअरफोन लागतील असा, आणि दोघांचे पलंग वॉर्डबॉयने फूटभर जवळ सरकवून दिले. अंक संपला की बाबा स्वतः स्टायलसने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या काडीने, थांबवायचे, मध्यंतर म्हणून. चहा यायचा. मग दोघं चर्चा करायचे की हा नट पूर्वी कुठल्या कामात जास्त चांगला होता.

त्या वॉर्डात मोबाइलला धड रेंजही नव्हती. आणि असती तरी काय? आपल्याकडे खासगी कंपन्यांसाठी थ्रीजीचा लिलावच २०१० साली झाला. ‘मोबाइल आला आणि कटकट मिटली’ हे तुमचं वाक्य २०२० च्या दशकातून मागे बघताना सोपं वाटतं. मधल्या काळात ज्यांना हवं होतं त्यांनी हातातल्या साधनांनी ते करून घेतलं.

आणि त्या रात्रींची मला अजूनही कटकट वाटत नाही, याचं कारण सांगते. त्या फाइली आजही माझ्याकडे आहेत. व्हीसीडीची दुकानं गेली, माझ्या आत्ताच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही, त्यातल्या दोन-तीन डिस्कना तर बुरशीसारखे डाग पडलेत. पण ४१० एमबीची ती फाइल २००७ मध्ये चालली, आज माझ्या फोनवर चालते, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तरी चालते. मोबाइलच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं नाटक मुदतीचं असतं. वर्गणी थांबली की ते जातं, कंपनीचा करार संपला तरी जातं, आणि ते दुसऱ्या यंत्रावर उचलून नेता येत नाही. तुम्ही म्हणता मोबाइलने सगळं सोपं केलं. बघणं सोपं केलं, हे खरं आहे. ठेवणं अवघड केलं, एवढंच माझ्या लेखाचं म्हणणं होतं, आणि ते मी तिथे पुरेसं स्पष्ट लिहिलं नाही, हा दोष माझा.

सिम्प्युटरबद्दल मात्र तुमची माहिती अपुरी आहे. ती सरकारी खात्यातून निघालेली योजना नव्हती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी ‘सिम्प्युटर ट्रस्ट’ हा ना-नफा न्यास काढून ती रचना केली आणि यंत्राचा आराखडा परवान्याने इतरांना खुला ठेवला. सरकारी मालकीची भारत इलेक्ट्रॉनिक्स नंतर आली, २००४ च्या एप्रिलमध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणताना.

आणि ‘पैसेवाल्यांचं खेळणं’ हा आरोप तर नेमका याच यंत्राला लागू होत नाही. त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती. कल्पना अशी की यंत्र गावात एकच असेल, पंचायतीचं, शाळेचं, नाहीतर एखाद्या दुकानदाराचं, आणि तासाने भाड्याने मिळेल. प्रत्येकाची स्वतःची माहिती मात्र स्वतःच्या कार्डावर. कार्ड घातलं की यंत्र तुमचं, काढलं की पुढच्याचं. वाचता न येणाऱ्याला पडद्यावरचा मजकूर हिंदी, कन्नडमध्ये बोलून दाखवण्याची सोय त्यांनी केली होती. आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम होती. यंत्र तिरकं केलं की पान उलटायचं, आयफोन यायच्या तीन वर्षं आधी.

ते का चाललं नाही? सगळ्यात साधं मॉडेल दहा हजारांच्या घरात आणि रंगीत पडदा हवा तर त्याच्या जवळपास दुप्पट. तोवर मोबाइल हँडसेट झपाट्याने स्वस्त होत होते आणि त्यावर माणूस माणसाशी बोलू शकत होता. गावातल्या माणसाने पहिले पैसे त्याला दिले, यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण न चाललेली गोष्ट आणि वाया गेलेली गोष्ट यांत फरक करायला हवा. एकाच यंत्रावर अनेकांची खासगी माहिती सुरक्षित कशी ठेवायची, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी त्यानंतर पाहिलं नाही. आजही घराघरांत एकाच फोनवर आई, मुलगा आणि आजीचे पेन्शनचे मेसेज असतात.

देवनागरीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण मराठी वाचकांपुढे हे बोलायलाच हवं. पामच्या ऑपरेटिंग सिस्टीमला, पाम ओएसला, युनिकोड (सगळ्या भाषांची अक्षरं साठवण्याची पद्धत) येत नव्हतं. मी त्यावर वर्षानुवर्षं मराठी टिपणं रोमन अक्षरांत लिहिली. मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या एका पॉकेट पीसीवर युनिकोड फॉन्ट घातला तेव्हा अक्षरं उमटली खरी, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी राहायची. या बाबतीत मोबाइलने आपल्यावर फार मोठे उपकार केले आहेत आणि ते मी मोकळेपणाने मानते.

‘आता दुसरं यंत्र खिशात बाळगायला कोणी तयार नाही’ हे तुमचं शेवटून दुसरं वाक्य. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर ६६९ ग्रॅमचा आहे, खिशात मावतही नाही, तरी लोक तो हौसेने बाळगतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो, डिस्क बदलता येते, डेस्कटॉप मोडमध्ये नेला की सरळ लिनक्सचा कॉम्प्युटर होतो. २०१८ चा जेमिनी पीडीए हा कीबोर्डवाला हातातला कॉम्प्युटर घ्या. त्याचा कीबोर्ड मार्टिन रिडिफोर्ड यांचा, १९९७ च्या सायन सिरीज ५ या हातातल्या कॉम्प्युटरचा सरकता कीबोर्ड ज्यांनी घडवला तेच हे. संख्येने ही माणसं थोडी असतील, पण ती आहेत.

आणि तुमचं शेवटचं वाक्य, जे तुम्ही कंसात लिहिलंत, की तुमच्याही घरी ड्रॉवरमध्ये एक टीएक्स पडून आहे आणि तो भंगारात द्यायचा विचार आहे. देऊ नका. आधी त्याची पाठ टेबलावर टेकवून बघा. डुगडुगली किंवा फुगीर वाटली तर बॅटरी सुजली आहे, चार्जरला अजिबात लावू नका, जाणकाराकडून ती काढून घ्या. पाठ सपाट असेल तर दोन तास चार्जिंगला लावा आणि ते पूर्ण होईपर्यंत खोलीतून हलू नका. कार्ड २ जीबीपर्यंतचंच घ्या, त्यापुढची कार्डं तो मुळात ओळखत नाही. टीसीपीएमपी अजूनही शोधलं की सापडतं. वर दिलेले आकडे जसेच्या तसे वापरा, ३८४ बाय २८८, ३०० आणि ६४, क्यूपेल बंद. फाइल तयार झाली की आधी बेंचमार्क लावा आणि किती टक्के आले ते इथेच खाली कळवा. १३० च्या खाली आले तर काय बदलायचं ते मी सांगेन.