विलीजच्या फाळक्यावरची सहा अक्षरं: तुमच्या दोन स्टारला उत्तर

भाऊ, रामराम.

तुमचे दोन स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. दोनदा वाचला, पहिल्यांदा राग आला म्हणून. बाकी वाचणाऱ्यांसाठी विषय सांगतो. यांच्या आजोबांचा विलीज पिकअप आहे, विलीज म्हणजे जीप बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी. त्याच्या मागच्या फाळक्यावर कंपनीचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत पत्र्यातूनच उठवलेलं आहे. डब्ल्यूपासून एसपर्यंत सहा अक्षरं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी दारात सजवून उभी करायची, म्हणून अक्षरं रंगवून घ्यायला ती आमच्याकडे आली. यांच्या तक्रारी अशा: अक्षरांच्या कडा सरळ नाहीत, पांढरा रंग पिवळट दिसतो, सात दिवस सांगून अकरा लावले, सहा अक्षरांचे साडेसहा हजार घेतले आणि पहिल्याच धुण्यात 'एस'चा रंग निघाला. वर, "यापेक्षा आमच्या गावचा बोर्ड रंगवणारा पाचशेत चांगलं करतो."

'एस'ची चूक आमची. त्यात वाद नाही. ते अक्षर फाळक्याच्या बिजागरीला लागून आहे आणि त्या बिजागरीत वर्षानुवर्षं ग्रीस आणि जळकं ऑइल भरलेलं. पोरानं थिनरच्या चिंधीनं आधी बिजागरी पुसली आणि त्याच चिंधीनं अक्षर पुसलं. म्हणजे तेल निघालं नाही, पसरलं. तेलकट पत्र्यावर रंग बसल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. नवी चिंधी दहा रुपयांचीही नसते. तेव्हा मी गिऱ्हाइकाशी बोलत समोरच उभा होतो, लक्ष माझं हवं होतं. तुम्ही पाचव्या दिवशी गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुतली हेही खरं आहे. इनॅमल वरून सुकलेलं वाटलं तरी आतून कडक व्हायला काही आठवडे घेतं. पण हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, आणि गाडी घरी न्यायच्या घाईत तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? बिलावर लिहायला हवं होतं. शिवाय बाकीची पाच अक्षरं त्याच पाण्याखाली टिकली. तेव्हा दोष पाण्याचा कमी आणि चिंधीचा जास्त.

आता कडा. इथं मात्र मी मागे हटणार नाही, आणि का ते नीट सांगतो.

पत्र्याला साच्यात दाबून अक्षर उठवतात तेव्हा पत्रा ताणतो. काटकोनात वळवला तर फाटतो, म्हणून साच्याचीच कड गोल ठेवलेली असते. त्यामुळे अशा अक्षराला वरचा सपाट भाग असतो, खालचा सपाट भाग असतो आणि मध्ये एक उतार. अक्षर नेमकं कुठं संपतं हे पत्रा सांगत नाही, रंगवणाऱ्याला ठरवावं लागतं. नव्या गाडीवरही हे अवघड आहे. तुमचा फाळका तर कित्येक वर्षं पोती, कॅन आणि केळीचे घड झेललेला. कुणीतरी मधल्या काळात आतून हातोडी मारून पोचा काढला होता, त्यात दुसऱ्या 'एल'चा पाय फुगून बसला होता. रंग काढून पत्रा उघडा केला तेव्हा आमचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "शेठ, हाई अक्षर नही, खापरनी पोयी शे." म्हणजे हे अक्षर नाही, खापरावरची पोळी आहे. खरंच तसंच होतं. मधे फुगीर आणि कडेला मऊ.

आधी कडक रबरी रोलर फिरवून पाहिला. थोडासा रंग घेतलेला रोलर फक्त वरच्या भागाला टेकतो, उताराला शिवत नाही. पत्रा एका पातळीत असेल तर याच्यासारखं झटपट काम नाही. पण तुमच्या फाळक्यावर 'डब्ल्यू'ची मधली टोकं कोरीच राहिली आणि फुगलेल्या 'एल'वर रंगाचा गोळा बसला. ओला असतानाच पुसून काढला. मग मास्किंग टेप. टेप उतारावर चिकटते, पण वळणावर तिची कड उचलते आणि रंग खाली सरकतो. ते जमवून घेता येतं. रंग पुरता सुकायच्या आत टेप उलटी दुमडून हळू ओढली की कड स्वच्छ येते. खरी अडचण वेगळी होती. टेपनं एकदम सरळ रेघ मारली की अक्षर कुठं कुठं वाकडं झालंय ते उलट उठून दिसायला लागलं. पहिल्या 'एल'ची जाडी आणि दुसऱ्याची जाडी यांत चांगला दोन-तीन मिलिमीटरचा फरक आहे. सरळ रेघेनं तो लांबून ओळखू आला असता.

म्हणून शेवटी हातानं केलं. रात्री शेडमधले दिवे बंद केले, पोरानं बाजूनं टॉर्च धरला. उजेड जिथं तुटतो आणि सावली सुरू होते, तिथं खडूनं खूण केली, आणि लांब केसांच्या बारीक ब्रशनं त्या खुणेच्या आत रंग भरला. दोन हात दिले, मध्ये एक दिवस सोडून. तुम्हाला जी कड लाटेसारखी दिसते ती पत्र्याची लाट आहे. ती घालवायची एकच वाट होती: लांबी (पुट्टी) भरून अक्षर नव्यानं कोरायचं. तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला होता, "आजोबांचा पत्रा आहे, त्यात काही भरू नका." तो शब्द मी पाळला. तुमचं म्हणणं बदललं असेल तर सांगा, पण ते वेगळं काम आहे, त्याचा हिशोब वेगळा.

उशीर झाला तोही यातूनच. जुना रंग खरवडला तर खाली तीन थर निघाले, हिरवा, निळा आणि करडा, आणि त्याखाली कुणाची तरी जुनी लांबी. अक्षरांच्या मधल्या जागा बुजवून टाकल्या होत्या, 'वाय' तर जवळजवळ गाडलेला होता. मशीन लावलं असतं तर उठावच घासून गेला असता, म्हणून लाकडी पट्टी आणि वॉटर पेपरनं हातानं काढलं. त्यात एप्रिलचं धुळ्याचं ऊन. दुपारी पत्र्याला हात लावता येत नव्हता. तापलेल्या पत्र्यावर ब्रशमधलं थिनर उडून जातं, रंग ओढला जातो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, एवढाच वेळ मिळायचा. तरी सात दिवस मीच सांगितले होते. फाळका खरवडून पाहिल्याशिवाय तारीख द्यायला नको होती. आता देत नाही.

पिवळट रंगाबद्दल थोडं. तो आम्ही मुद्दाम ऑफ व्हाइट घेतला होता, तुमच्या गडद हिरव्या बॉडीवर फ्रिजसारखा पांढरा उपरा वाटला असता. पुठ्ठ्यावर हात मारून तुम्हाला दाखवला, तुम्ही होकार दिला. पण दाखवला संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. उन्हात तो वेगळा दिसतो हे मला माहीत असायला हवं होतं, तुम्हाला नाही. इनॅमलचा पांढरा काळानुसार आणखी थोडा पिवळा होतो, हेही आधीच सांगून ठेवतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंग सहसा तसा होत नाही. पण तो लवकर सुकतो आणि ब्रशनं सपाट बसत नाही. स्प्रे गननं मारायचा तर पुन्हा टेप आली.

राहिले पैसे आणि बोर्ड रंगवणारा. माझे वडील बोर्डच रंगवायचे. मुंबई-आग्रा रोडवरच्या किती ट्रकांच्या फाळक्यांवर त्यांनी 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं असेल याची मोजदाद नाही. २०१५ मध्ये सरकारनं ते तीन शब्द बंद केले तेव्हा हातातलं काम गेल्यासारखे गप्प बसले होते. त्या कारागिरांना मी कमी लेखणार नाही. पण कोऱ्या पत्र्यावर अक्षर तो स्वतः आखतो, चुकलं तर पुसून पुन्हा काढतो. इथं अक्षर दुसऱ्यानं काढलेलं, तिसऱ्यानं ठोकलेलं आणि चौथ्यानं गाडलेलं होतं. साडेसहा हजारांत नुसती सहा अक्षरं नाहीत, अख्खा फाळका दोन्ही बाजूंनी खरवडणं, प्रायमर आणि हिरवा रंगही आहे. बिलावर आम्ही नुसतं 'अक्षर रंगकाम' लिहिलं, त्यामुळे ते तसं वाटलं. हिशोब फोडून नवं बिल देतो.

एक सांगायचं राहिलं. मुंबईत महिंद्रानं विलीजच्या जीप जोडायला घेतल्या स्वातंत्र्याच्या सुमारास, आणि तिकडे अमेरिकेत हा पिकअप निघाला १९४७ मध्ये. १९६३ मध्ये तिकडच्या कंपनीच्या नावातूनच विलीज गेलं. त्यामुळे तुमच्या फाळक्यावरचं नाव पुन्हा कुणी दाबून देणार नाही. म्हणूनच मी मशीन लावलं नाही, आणि म्हणूनच 'एस' तसाच सोडणार नाही.

'एस' पुन्हा करून देतो, पैसे नाहीत. सगळी अक्षरं शुभ्र पांढरी हवी असतील तर तीही याच वेळी करू, त्यात फक्त रंगाचा खर्च तुमचा. यावेळी रंग सकाळी अंगणात, उन्हात दाखवीन. पाऊस लागायच्या आधी या. ओल्या हवेत इनॅमल लवकर सुकत नाही आणि तोवर वर धूळ-चिलटं बसतात. गाडी संध्याकाळी आणून सोडा, तिसऱ्या दिवशी सकाळी न्या. येताना फाळक्याची साखळी गोणपाटात गुंडाळून आणा. परवा तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती नेमकी 'वाय'वर घासताना दिसली.