दहा रुपयांवरचं गुप्तधन

गावाहून चुलतभावाचा महिन्याला एक मेसेज ठरलेला: "दादा, तिथल्या म्युझियमवाल्यांना सांग, आमच्या वस्तू परत द्या." २०२४ मध्ये वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली, तेव्हा तर त्याने दिवसभर माझं डोकं खाल्लं. बोलीवर का, कायमची का नाही? त्याचा राग खोटा नाही. इथल्या काचेच्या पेट्यांसमोर मीही दातओठ खाल्लेत. पण बर्मिंगहॅममध्ये राहून मला हल्ली दुसराच प्रश्न छळतो. उद्या आपल्याच मळ्यात काही निघालं, तर आपण काय करू?

इथून पाऊण तासावर लिचफील्ड आहे. २००९ च्या जुलैत तिथल्या एका शेतात एक हौशी माणूस मेटल डिटेक्टर फिरवत होता. नांगरटीतून अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं वर आलं, सुमारे चार किलो. त्यात तलवारींच्या मुठींवरची सजावटच जास्त. मी ते म्युझियममध्ये पाहिलंय. नखाएवढा तुकडा, त्यावर केसासारख्या तारेची नक्षी आणि लाल गार्नेट, म्हणजे आपला तामडा. त्यातले मोठे खडे भारत किंवा श्रीलंकेकडून आलेले असावेत, असं अभ्यासक म्हणतात. खाचांत बसलेली माती काढायला त्यांनी चक्क झाडाचे काटे वापरले, कारण धातूच्या सुईने सोन्यावर ओरखडे उठले असते.

या सगळ्याची किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. निम्मी शोधणाऱ्याला, निम्मी शेतमालकाला. लोकांनी वर्गण्या दिल्या, आणि बर्मिंगहॅम व स्टोक-ऑन-ट्रेंट या दोन शहरांच्या म्युझियमांनी मिळून तो ऐवज घेतला. इथला १९९६ चा कायदा सांगतो की सापडलेलं चौदा दिवसांत कळवा. म्युझियमला हवं असेल तर बाजारभावाने मोबदला मिळेल.

आपल्याकडचा कायदा १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. सरकारने ते घ्यायचं ठरवलं, तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे होन असो की मोडकी बांगडी, हिशोब सोनाराच्या तागडीचा. तो कायदा इंग्रजांनी केला. त्यांनी स्वतःच्या घरचा बदलला, आपण त्यांचा जपून ठेवला!

प्रवरेकाठच्या आमच्या मळ्यात विहीर खणताना आजोबांना गाडगंभर नाणी सापडली होती. रात्रीतून ती सोनाराकडे गेली आणि आजीचे तोडे झाले. नाण्यांवर कोणाचं नाव होतं, हे कोणी वाचलंच नाही. धाक होता तो पोलिसांचा, आणि जमीन अडकेल याचा. त्याच प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाच्या मुळाशी खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार कांस्यशिल्पं मिळाली. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. तांबटाच्या भट्टीत गेली असती, तर चार-सहा हंडे झाले असते, एवढंच.

हे सगळं लिहून पाठवलं, तर भावाचं उत्तर आलं: "इथे बक्षीस लावलं तर लोक गड पोखरतील." त्यात तथ्य आहे. इथे इंग्लंडातही सगळे साव नाहीत. २०१५ मध्ये लेम्स्टरजवळ दोघांनी व्हायकिंग काळातला ठेवा दडवून परस्पर विकला. ते तुरुंगात गेले, पण बहुतेक नाणी हाती लागलेली नाहीत. २०१० मध्ये कंब्रियात सापडलेलं रोमन शिरस्त्राण तर कांस्याचं म्हणून कायद्याच्या व्याख्येतच बसलं नाही. लिलाव झाला आणि ते खासगी माणसाकडे गेलं. स्थानिक म्युझियम बघत राहिलं.

म्हणून डिटेक्टर घेऊन हिंडायची मुभा आपल्याकडे नकोच. पण नांगराला, विहिरीला, पाइपलाइनच्या चराला जे आपोआप लागतं, त्याला तरी वस्तूची खरी किंमत द्या. आणि ते कळवायला आलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्या, मग जबाब घ्या. वाघनखांसाठी जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या चौथाईने हे मागितलं तरी पुरे.

यावर दोन दिवस भाऊ गप्प होता. मग रात्री मेसेज आला: "विहिरीच्या अंगाला लाल खापरं निघतात, त्यावर काळ्या रेघा आहेत. लहानपणी आपण ठिकऱ्या खेळायचो ना, तीच. फोटो पाठवू?"

म्हटलं, पाठव. पण उचलू नको, आहेत तिथेच राहू दे.