मार्माइट चमच्याने खायची वस्तू नाही

सकाळपासून तोच व्हिडिओ तीन-चार ग्रुपांवरून फिरत माझ्याकडे आलाय. इंग्लंडला शिकायला गेलेला आपला एक मराठी मुलगा हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उभा आहे. हातात मार्माइटची, म्हणजे इंग्रज पावाला लावतात त्या काळ्या, खारट लेपाची बाटली आणि सूप प्यायचा चमचा. चमचा शिगोशीग भरतो, तोंडात कोंबतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि सिंकमध्ये थुंकतो. मागे मित्र खिदळतायत. शेवटी अख्खी बाटली कचऱ्यात. खाली प्रतिक्रियांचा पाऊस, "शी, काय खातात हे लोक!"

हे लोक असं खात नाहीत. मार्माइटवर वाढलेलं पोरसुद्धा असा चमचा तोंडात घालणार नाही. आणि अन्न थुंकून दाखवायचं, वर त्यावर लाइक मागायचे, हे आपल्यापैकी कुणाच्या घरात चालतं? ताटात चार शितं टाकली तर आजी उठू द्यायची नाही, त्याच घरांतले आपण.

आधी ती वस्तू काय आहे ते तरी बघा. बर्टन-अपॉन-ट्रेंट हे बिअर गाळणाऱ्यांचं गाव. बिअर झाली की तळाला आणि वर ढीगभर यीस्ट उरतं. १९०२ साली त्या यीस्टपासून तिथे मार्माइट करायला सुरुवात झाली. यीस्टमध्ये मीठ घालून ते उबेत ठेवलं की त्याच्या पेशी फुटतात आणि आतली प्रथिनं सुटी होतात. मग टरफलं गाळून उरलेला रस काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवतात. शंभर ग्रॅम मार्माइटमध्ये दहा ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. म्हणजे त्या मुलाने एका घासात दीड-दोन ग्रॅम मीठ नुसतं जिभेवर ठेवलं. थुंकणारच! यात मार्माइटचा काय दोष?

खायची पद्धत सांगते, नीट वाचा. पाव चांगला खरपूस भाजायचा. टोस्टरमधून निघाल्या निघाल्या, कढत असतानाच त्यावर लोणी लावायचं, हात आखडता न घेता, कडेपर्यंत. ते वितळू द्यायचं. मग सुरीच्या टोकावर पाव चमचा मार्माइट घ्यायचं, त्याहून जास्त नाही, आणि त्या वितळलेल्या लोण्यावरून ओढायचं. खालचं पिवळं लोणी दिसत राहिलं पाहिजे, वर नुसत्या तपकिरी रेघा. पाव गार झाला असेल तर लोणी पसरत नाही, मार्माइट एका जागी गोळा होऊन बसतं आणि पहिल्याच घासाला जीभ पोळते. न भाजलेल्या मऊ पावावर ते इतकं चिकटतं की पाव फाटतो. लोणी वगळलं तर सगळं संपलंच, कारण खारटपणा आणि किंचित कडूपणा झेलायला स्निग्ध काहीतरी लागतंच. सवय झाली की वर चेडर चीज किसून ग्रिलखाली धरायचं. पहिल्या आठवड्यात मात्र लोणी आणि पाव, एवढंच.

कुणाला मुळीच आवडणार नाही हे मान्य. कंपनी स्वतःच १९९६ पासून जाहिरातीत सांगते की हे एक तर आवडतं, नाही तर अजिबात आवडत नाही. पण न आवडणं वेगळं आणि मुद्दाम चुकीचं खाऊन तमाशा करणं वेगळं.

आणि मुंबईच्या माणसांनी तरी या बाटलीवर थुंकू नये. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, का होतो, हे ती परळच्या हाफकिन संस्थेत राहून शोधत होती. या बायकांना धड खायलाच मिळत नव्हतं. विल्सबाईंनी त्यांना मार्माइट दिलं आणि त्यांचं रक्त सुधारलं. हे संशोधन १९३१ मध्ये छापून आलं. त्यातला नेमका गुणकारी घटक फोलेट हे जीवनसत्त्व होतं, हे पुढे कळलं. पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं १९४१ मध्ये. आज प्रत्येक गरोदर बाईला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात ना, त्या गोळीची वाट परळमधून आणि या काळ्या बाटलीतून जाते. त्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांत मुंबईचे किती असतील, या विचारानेच डोकं फिरतं.

असो. त्या मुलाचा फार राग धरावासा वाटत नाही. नवा देश, बाहेर थंडी, चारनंतर काळोख, दुकानातल्या फळीवर एकही ओळखीचा डबा नाही. सोबतचे म्हणाले असतील, "खा, खा, व्हिडिओ काढतो." त्याला कुणी सांगितलंच नाही. मग मीच सांगते. जी मुलं या सप्टेंबरात चालली आहेत त्यांच्या आयांनी हे त्यांना पाठवा.

सुरुवात क्रम्पेटपासून करा. मैद्याचं यीस्ट घातलेलं पीठ कड्यात ओतून तव्यावर भाजतात, वर जाळी पडते. पाकिटातलं क्रम्पेट तसंच खाल्लं तर आत ओलसर, रबरासारखं लागतं आणि मग म्हणाल इंग्रजांना काही करता येत नाही. टोस्टरमध्ये एकदा भाजून भागत नाही, दोनदा खाली दाबा. वरची जाळी कुरकुरीत झाली पाहिजे. मग लगेच लोणी, म्हणजे ते भोकांतून आत मुरतं. ते आडवं कापून दोन चकत्या करू नका, लोणी धरणारी जाळीच निघून जाते. घरून नेलेला साजूक तुपाचा डबा असेल तर तेही चालतं, कुणी काही म्हणत नाही.

शाकाहारी मुलांसाठी महत्त्वाचं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीने असतो, तिकडे तशी सक्ती नाही. चौदा ॲलर्जीकारक पदार्थ ठळक अक्षरांत छापावे लागतात, पण शाकाहारी असल्याचा शिक्का ऐच्छिक आहे. त्यामुळे घटकांची यादी वाचायचीच. वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. चिंचही असते, त्यामुळे चव ओळखीची वाटते आणि माणूस गाफील राहतो. वाइन गम नावाच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये वाइन नसते, पण बहुतेकदा जिलेटिन असतं. नाताळातल्या मिन्स पायमध्ये मांस नसतं. बेदाणे, सफरचंद, मसाले असतात. मात्र त्यात सूएट असतं, म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. वनस्पती सूएट घातलेलेही पुष्कळ मिळतात, पाकीट उलटून बघा. आणि बोव्रिल! बाटली अगदी मार्माइटच्या घाटाची, रंग तोच, फळी तीच. मार्माइट शाकाहारी, बोव्रिल गोमांसाचं. २००४ मध्ये त्यातलं गोमांस काढलं होतं, २००६ मध्ये परत घातलं, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

आता ब्लॅक पुडिंग, कारण प्रतिक्रियांत त्याच्यावरही "रक्त खातात, रानटी" असं लिहिलेलं वाचलं आणि पुन्हा पारा चढला. डुकराचं रक्त, चरबी, ओट किंवा बार्ली, कांदा, मसाला यांचं ते सॉसेज. जनावर कापलं तर त्यातलं काही फुकट जाऊ नये म्हणून गरिबाघरी जन्मलेलं. आपल्याकडे बकऱ्याची रक्ती करून खाणारी घरं नाहीत? वजडी, मुंडी नाही? जे आज इंग्रजांना शी म्हणतायत, तेच उद्या शेजारच्या चुलीलाही शी म्हणतात, आणि ती शी कुणाच्या वाट्याला येते ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मला हे हसण्यावारी नेता येत नाही.

धर्माने, सवयीने चालत नसेल तर खाऊ नका, कुणाचीही बळजबरी नाही. खायचंच असेल तर बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजू करकरीत होईपर्यंत परता. पातळ कापलं तर भुगा होतो, आच मोठी ठेवली तर बाहेरून करपतं आणि आत गार राहतं. सोबत अंडं, टोमॅटो. स्कॉटलंडात असाल तर २५ जानेवारीला, स्कॉटिश कवी बर्न्सच्या रात्री, हॅगिस समोर येईल: मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस, ओट, सूएट, मिरपूड, हे सगळं पिशवीत भरलेलं. ते बहुधा शिजवलेलंच विकत मिळतं, फक्त गरम करायचं असतं. खळखळ उकळत्या पाण्यात टाकलं तर पिशवी फुटते, म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवा. बटाटा आणि स्वीड कंद कुस्करून सोबत घ्या. एडिंबराचे मॅक्स्वीन नावाचे हॅगिसवाले १९८४ पासून डाळी-भाज्यांचं शाकाहारी हॅगिसही करतात. मसालेदार असतं, आपल्या जिभेला लगेच पटतं.

जेलीतली ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, मात्र मी कुणाला आग्रहाने सांगणार नाही. गार, गिळगिळीत, काटेरी. पूर्व लंडनमध्ये ती व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड घालून खातात. ज्यांना आवडते ते मनापासून खातात, तिथे आपण गप्प बसावं.

फिश अँड चिप्स सगळ्यांनाच माहीत, पण दुकानात शिरताना एक प्रश्न विचारा, "कशात तळता?" उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशरमध्ये, बऱ्याच दुकानांत अजूनही गाईच्या चरबीत तळतात. तेलात तळणाऱ्या ठिकाणीही चिप्स आणि मासा अनेकदा एकाच कढईत पडतात, तेव्हा शाकाहारी मुलांनी तेही विचारून घ्यावं. कुणी रागावत नाही, हे प्रश्न त्यांना रोजचे आहेत. मीठ आणि माल्ट व्हिनेगर काउंटरवरच घालून घ्या. सोबत मशी पीज घ्या: मोठे सुके वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवतात आणि आपसूक फुटेपर्यंत शिजवतात. आणि खोका बंद करून बसने खोलीवर नेऊ नका. वाफेने माशावरचं कवच दहा मिनिटांत मऊ पडतं. तिथेच बाकावर बसून, बोटं भाजत असतानाच खा.