पंधरा मिनिटं, पाणी वेगळं

रीलमधल्या बायकांच्या घरी पाणी कायम उकळलेलंच असतं. त्या ओट्याशी येतात, केस मागे घेतात, ‘पंधरा मिनिटांत क्रीमी पेस्टो पास्ता’ म्हणतात आणि पुढच्याच क्षणी पास्ता खळखळत्या पाण्यात पडतो. ते पाणी कुणी भरलं, किती वेळ तापलं, पातेलं कुणी घासलं, काही कळत नाही. बेसिलची पानं धुऊन, पुसून काचेच्या वाडग्यात हजर. लसूण सोललेला. ओट्यावर उद्याच्या डब्याची मटकी भिजत नाही, दुसऱ्या शेगडीवर दूध तापत नाही, आणि मागून कुणी ‘माझा पांढरा शर्ट कुठंय’ असंही विचारत नाही. अशा ओट्यावर मी पंधरा मिनिटांत पुरणाच्या पोळ्या लाटून दाखवीन.

पण फर्माईश लेकीची होती. ती अकरावीत आहे, तीही लातुरात. म्हणजे सकाळी कॉलेज, मग ट्यूशन एरिया, मग टेस्ट सिरीज, आणि उरलेल्या वेळात चेहरा पाडून बसणं. नीटच्या तयारीत असलेल्या लेकराला खाण्याच्या बाबतीत नाही म्हणण्याची आमच्या गावात पद्धत नाही. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, “आई, बघ, पंधरा मिनिटांचंच काम आहे.” मी नुकतीच बँकेतून आले होते. खांद्यावर पर्स तशीच होती. मी हो म्हणाले.

पेस्टो म्हणजे बेसिलच्या पानांची इटालियन चटणी, तेव्हा पहिला प्रश्न बेसिलचा. आमच्या गंजगोलाईला, म्हणजे लातूरच्या बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांवर सोनं मिळतं, भांडी मिळतात, घोंगडी मिळते. बेसिल एकाही रस्त्यावर मिळत नाही. सब्जा मात्र हवा तेवढा. फालुद्यात पडतं आणि सरबतात फुगतं ते काळं बी. हे सब्जाचं झाड आणि इटलीवाल्यांचं बेसिल वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी एकच, ऑसिमम बॅसिलिकम; नात्याने तुळशीची चुलत बहीण. उन्हाळ्यातल्या सरबताच्या पुडीत उरलेलं चिमूटभर बी मी पावसाळ्यात कुंडीत टाकलं होतं, ते चांगलं गुडघाभर वाढलं होतं. इटलीतल्या पानाचा वास गोडसर, आमच्याचा जरा तिखट आणि बडीशेपेकडे झुकणारा. चालायचंच. मातीचा गुण.

मी मोबाइलची बॅटरी लावून अंगणात निघाले, तर मागून सासूबाईंचा आवाज.

“दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नाय. झोपलेलं असतंय ते.”

“आत्या, थोडीच पानं घेते.”

“थोडी घे न्हाईतर सगळी घे. झोपमोड ती झोपमोडच.”

आता नोकरी करणाऱ्या बाईचा स्वयंपाक दिवे लागल्यावरच सुरू होतो, हे झाडाला कोण सांगणार? शास्त्रात एक पळवाट मात्र होती, ती लेकीला ठाऊक होती: औषधासाठी तोडलेलं चालतं. तिने दारातूनच दोनदा खणखणीत खोकून दाखवलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने आधी पेशंट होऊन बघितलेलं बरंच असतं. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुंडीला हात जोडले आणि पानं स्वतःच खुडली. “तू वरबाडशील,” म्हणाल्या. मंजिऱ्यांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

पुढचं सामान. पेस्टोत पाइन नट्स पडतात, म्हणजे आपल्याकडचे चिलगोजे. हे हिमाचलात किन्नौरच्या बाजूला होतात. आमच्या किराणावाल्याकडे चौकशी केली, तेव्हा त्याने भाव सांगण्याआधी ‘घरी काही कार्य आहे का’ असं विचारलं होतं. तेव्हा शेंगदाणे. भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा रिकामा असलेलं घर मराठवाड्यात अजून बांधलं गेलेलं नाही. चीज हवं पार्मेजानो रेज्यानो. ते मूळ पद्धतीने लावायला वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट लागतं. आमच्या आत्या माळकरी. ही माहिती मी घरात फोडलेली नाही, कारण ती फुटली तर चीज या अख्ख्या जातीवर बंदी येईल आणि लेकीचं सँडविचही त्यात जाईल. डब्यावरचा हिरवा ठिपका दोनदा बघून साधे क्यूब किसले. ऑलिव्ह तेल आमच्या घरात एकदाच आलं होतं, मेडिकलमधून, लेकीच्या मालिशीसाठी. त्यामुळे लाकडी घाण्याचं करडईचं तेल. लसणाची तेवढी अडचण नव्हती. कार्तिकी होऊन गेली होती, आत्यांचा चातुर्मास संपला होता.

हे सगळं मी मिक्सरच्या लहान भांड्यात भरलं, झाकण लावणार, तेवढ्यात त्या झाकणाच्या रबराचा वास घेतला. त्या रबरात आमच्या घराण्याचा सगळा खर्डा मुरलेला आहे. राख लावा, लिंबू लावा, उन्हात ठेवा, ते रबर मिरची विसरत नाही. शिवाय मिक्सरच्या पात्याने पानं तापतात आणि चिरडलेलं पान हवा लागली की काळं पडत जातं, हेही मी वाचलं होतं. हिरवागार पेस्टो करायला घेऊन काळी चटणी झाली असती.

“काय वाटायचंय एवढं?” आत्या म्हणाल्या. “आण इकडं.”

त्यांनी खलबत्ता ओढला, पाटावर बसल्या. मी काहीही सांगितलं नव्हतं. आधी लसूण आणि खडे मीठ. त्याचं गोळीबंद वाटण झालं तशी पानं, थोडी थोडी, बत्ता वरून आपटत नव्हत्या, भिंतीला लावून गोल फिरवत होत्या. मग दाणे. मग चीज. तेल शेवटी, धारेने. पेस्टोचं गाव म्हणजे इटलीतलं जिनोआ. तिथेही हाच क्रम आहे: संगमरवरी खल, लाकडी बत्ता, आधी लसूण-मीठ, शेवटी तेल. तिथे दर दोन वर्षांनी खलात पेस्टो कुटायची जागतिक स्पर्धासुद्धा भरते. आत्यांचा पासपोर्ट नाही, ही जिनोआकरांवर मोठीच कृपा आहे.

इकडे मी पाणी ठेवलं. आणि खरी अडचण इथे आहे. इथपर्यंतचं सगळं ‘चालवून घेऊ’ या खात्यातलं होतं.

पास्त्याचा इटलीतला हिशेब सरळ आहे: शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. आम्ही चौघं, पास्ता चारशे ग्रॅम. म्हणजे चार लिटर पाणी उकळायचं, त्यात पास्ता दहा-बारा मिनिटं पोहू द्यायचा आणि मग ते पाणी सिंकमध्ये ओतून द्यायचं. ओतून. द्यायचं. ही कृती लिहिणारा माणूस लातुरात कधी नळाची वाट बघत बसलेला नाही. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा पिंप, टाकी, घागरी, कळशा, बादल्या आणि जे जे उताणं ठेवता येईल ते ते भरून घेतात. २०१६ साली मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लेक तेव्हा दुसरीत होती. ‘पाण्याचे स्रोत लिहा’ या प्रश्नाला तिने ‘विहीर, नदी, रेल्वे’ असं उत्तर लिहिलं होतं. बाईंनी त्यावर चूक की बरोबर अशी कुठलीच खूण केली नव्हती. मला त्या बाईंबद्दल तेव्हापासून आदर आहे.

तर चार लिटर पाणी चांगलं उकळायलाच रीलमधली पंधरा मिनिटं संपली. मी पास्ता टाकला. आत्या खलबत्ता घेऊन आल्या, पातेल्यात डोकावल्या.

“हे पाणी टाकून देणार?”

“एक वाटी सॉसला ठेवतात, आत्या. त्यात पिठूळपणा उतरलेला असतो, त्याने सगळं मिळून येतं.”

“आन राहिलेलं?”

मी गप्प. राहिलेलं झाडांना घालावं, तर त्यात चमचे चमचे मीठ. भांडी घासायला घ्यावं, तर कढत. आत्यांनी पाकिटातली एक कच्ची नळी उचलली, उजेडात धरली, दातांखाली कटकन फोडली. “बन्सीचा रवा हाय की गं हा.” बरोबर होतं. पाकिटावर ड्युरम गहू लिहिलेलं होतं, आणि आपला बन्सी म्हणजे ड्युरमच. ज्या गव्हाच्या त्यांनी जन्मभर शेवया केल्या तो गहू त्यांच्या दातांनी ओळखला. मग त्यांनी विचारलं, “यात बटाटा न्हाई घालत? नुसत्या नळ्या?” मी हसणार होते, पण जिनोआकडची मंडळी पेस्टोच्या पास्त्याबरोबर त्याच पाण्यात बटाटा आणि फरसबी उकडतात. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

नळ्या झाल्या. मी रोळीखाली मोठं पातेलं ठेवलं आणि पास्ता गाळला. एक वाटी पाणी मी काढून घेतलं, बाकीचं पातेलं आत्यांनी उचललं आणि परातीशी नेलं. ज्वारीच्या पिठाला अंगचा चिकटपणा नसतो, कढत पाण्याने भिजवलं तर ते धरतं. आणि हे पाणी तर गव्हाचा पिठूळपणा उतरलेलं आणि वर मीठ पडलेलं. पीठ असं मळून आलं की त्या स्वतःच दोनदा बघत राहिल्या. उरलेलं पाणी झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ वेगळं पडलं नाही.

आता क्रीमी. जिनोआच्या खऱ्या पेस्टोत क्रीम नसतंच, ही मागाहून कुणीतरी काढलेली चैन आहे. पण लेकीच्या रीलमध्ये ते धारेने पडत होतं, म्हणजे ते हवंच. फ्रीजमध्ये सायीचं भांडं होतं. या भांड्यावर आत्यांची सत्ता चालते. आठवडाभराची साय साठते, तिला विरजण लागतं, मग लोणी आणि मग तूप, आणि त्या तुपावर दिवाळी, सण, येणाऱ्या-जाणाऱ्याचं ताट. मी वाटी पुढे केली. थकीत कर्जदार पुन्हा कर्ज मागायला आला की मी बँकेत जशी बघते, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चमच्याने वरवरची, विरजण न लागलेली, आजची साय काढून दिली. मोजून. खालची आंबट साय तापली असती तर फुटली असती, हे मला सुचण्याआधी त्यांना ठाऊक होतं.

कढई गॅसवरून खाली. त्यात पेस्टो, साय, राखून ठेवलेलं पाणी थोडं थोडं. पेस्टो आचेवर ठेवायचा नसतो, रंग जातो. चमच्याने फिरवत राहिले, आणि एका क्षणी ते तेल, ते पाणी, ती साय यांचं भांडण मिटलं. नळ्यांवर हिरवट, चकचकीत थर चढला. एक नळी उभी धरली तर सॉस आतल्या भोकातून हळूहळू उतरला आणि टोकाशी थेंब होऊन थांबला. झालं होतं. चक्क झालं होतं. घड्याळाकडे मी बघितलं नाही. टीव्हीवर रात्रीच्या बातम्यांचं संगीत वाजलं, त्यावरून अंदाज आला.

मी पास्ता ढवळत होते तोवर तव्यावर भाकरी टम्म फुगून उतरल्या होत्या. ‘असू दे बाजूला’ म्हणून आत्यांनी पिठलंही ढवळलं होतं. त्याची रील कुणी काढली नाही.

ताटं वाढली. लेकीने आधी फोटो काढला, त्यात भाकरीचा काठ येत होता म्हणून ताट फिरवून पुन्हा काढला. खाल्लं मात्र पोटभर, बोटं चाटून. आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला “वा” म्हटलं, दुसऱ्याला “वेगळंच आहे” म्हटलं, आणि तिसऱ्या घासाआधी पिठल्याचं भांडं स्वतःकडे ओढलं. आत्यांनी एक नळी चावली. “दाताला लागतंय अजून,” म्हणाल्या. इटलीत ही तारीफ असते, असं लेकीने सांगितलं. “इटलीतल्यांचे दात चांगले असतील,” आत्या म्हणाल्या आणि ताटली बाजूला सारली.

पण मग त्यांनी खलबत्ता जवळ घेतला. खलाच्या आत, कडेला, हिरवा पेस्टो चिकटलेला होता. भाकरीचा पापुद्रा मोडून तो त्यांनी गोल फिरवत सगळा पुसून घेतला, तोंडात टाकला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“दोन हिरव्या मिरच्या पायजे होत्या,” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात लेकीची टेस्ट बरी गेली आणि बक्षीस म्हणून तिने पुन्हा तोच पास्ता मागितला. या वेळी मी शहाणपणाने दिवसाउजेडी, ऑफिसला निघायच्या आधीच कुंडीपाशी गेले. कुंडीत काड्या उभ्या होत्या. पान औषधाला नव्हतं. आत्यांचं भजनी मंडळ आदल्या दुपारी आमच्याकडे होतं, हे तेव्हा लक्षात आलं. स्वयंपाकघरात चिनी मातीची बरणी होती, तळाशी बोटभर हिरवी चटणी उरलेली: सब्जा, दाणे, लसूण, करडईचं तेल आणि मिरच्या. साय नाही, चीज नाही, नळ्या तर नाहीतच.

“आत्या, सगळीच पानं?”

“बायका मागं लागल्या, का करू?” त्या म्हणाल्या. “डब्यातबी नेली सगळ्यांनी. तू पेर की आणखी. गोलाईत फालुद्यावाल्याकडं बी मिळतंय. जाशील तवा जरा जास्तीच आण, चौघीजणींनी सांगितलंय.”