धावलं म्हणून हुर्राक उतरत नाही

काजूचा हंगाम आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडूंच्या आंबवलेल्या रसाची पहिल्या धारेची दारू, नैसर्गिक आणि हलका, फक्त शनिवारी घ्यायचा, रविवारी मिरामारच्या किनाऱ्यावर धावून घाम गाळला की हिशेब फिटला, आणि ग्लास मोजणाऱ्यांनी बैठकीची मजा घालवू नये!

नैसर्गिक, हे खरंच. पण बोंडूंच्या रसात आंबून तयार होणारा अल्कोहोल आणि व्हिस्कीतला अल्कोहोल एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं, त्यात काजूला सूट नाही.

‘हलका’ या शब्दाने मात्र भलेभले फसतात. त्याच रसाच्या कडक फेणीत अल्कोहोल साधारण 42 टक्के, हुर्राकात 15च्या आसपास. फेणीचा 60 मिलीचा पेग म्हणजे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हुर्राक पेगाने कोण घेतो? लिम्का, मीठ, चिरलेली मिरची घालून उंच ग्लास भरतो. त्यात 200 मिली हुर्राक गेला तर 24 ग्रॅम झाले, म्हणजे फेणीच्या पेगापेक्षा जास्त, वर लिम्क्याची साखर. असे तीन ग्लास झाले की 70 ग्रॅम. एका बैठकीत 60 ग्रॅमच्या वर गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपान म्हणते. ‘फक्त शनिवारी’चं उत्तर यातच आलं.

आता घाम. अल्कोहोलचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृतच मोडतं, तेही आपल्या गतीने. धावून ती गती वाढत नाही. उष्मांकांचं म्हणाल, तर सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावून साधारण 350 जाळतो. 650 मिलीच्या दोन साध्या बिअर 500च्या पुढे जातात, चिकन कॅफ्रियाल वेगळंच. त्यात रात्रीची झोप तुटलेली असते, त्यामुळे रविवारचं धावणंही धड होत नाही. तरी धावावं, त्याचे फायदे आहेतच. फक्त त्यातून आदल्या रात्रीची वजाबाकी होत नाही.

राहिली मजा. मोजण्यात खरी अडचण आपल्या पाहुणचाराची आहे. ग्लास अर्धा झाला की यजमान न विचारता भरतो, मग किती झाले ते देवालाच ठाऊक. म्हणून रिकामा झाल्याशिवाय ग्लास भरू द्यायचा नाही आणि घरी मापानेच ओतायचं. प्रत्येक ग्लासाची नोंद त्याच्या पहिल्या घोटाआधी फोनमध्ये करावी, तिसऱ्या ग्लासानंतरची आठवण उदार असते. मधला एक ग्लास नुसत्या लिंबू-सोड्याचा घेतला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे सगळं अधूनमधून पिणाऱ्यांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरत असतील तर नक्कीच, एकदम बंद करू नये. फिट येण्याचा धोका असतो. आधी डॉक्टर गाठावा.